दहा मिनिटं जीव टांगणीला

१९१३ साली लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली या दिग्दर्शक जोडप्यानं जेमतेम दहा मिनिटांचा एक मूकपट केला. नावच 'सस्पेन्स'. वस्तीपासून दूर एक घर, घरात तरुण आई आणि तान्हं बाळ. आडबाजूला राहायला कंटाळलेली मोलकरीण चिठ्ठी लिहून ठेवते, किल्ली पायपुसण्याखाली सरकवते आणि निघून जाते. ती जाताना एक भटक्या पाहतो. इथून पुढं काय होणार हे आपल्याला कळून चुकतं, आईला मात्र काहीच ठाऊक नसतं. तिला चाहूल लागते, ती कचेरीत नवऱ्याला फोन करते आणि वेबर पडद्याचे तीन त्रिकोण करते. एकात किल्ली शोधणारा भटक्या, एकात फोनवर आई, एकात नवरा. मग तार कापली जाते. नवरा रस्त्यावर उभी असलेली कुणाची तरी गाडी पळवतो, गाडीचा मालक आणि पोलीस त्याच्या मागे लागतात, आणि मागून येणारी त्यांची गाडी आपल्याला आरशात दिसत राहते. इकडे आई वरच्या खिडकीतून खाली डोकावते, तर भटक्यानं मान वर केलेली असते. तो थेट आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

आजच्या कुठल्याही कॉलेजच्या लघुपट स्पर्धेत बसेल एवढीच ही लांबी. पात्रं मोजकी, घर एक, रस्ता एक. आणि यातलं जवळपास काहीच त्या वेळी नवं नव्हतं. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथचं १९०९ मध्ये 'द लोनली व्हिला'त घरात अडकलेल्या बायका, दाराशी चोर, फोनवर नवरा, तुटलेली तार आणि वेळेत पोचण्याची धडपड हे सगळं दाखवून झालं होतं. प्रेक्षकाला हा मामला पाठ होता आणि वेबरनं त्याच पाठांतराचा फायदा घेतला. पायपुसण्याखाली किल्ली सरकली की ती कुणाच्या हाती लागणार हे समजावून सांगावं लागत नाही. वाचलेला वेळ तिनं भटक्याच्या जिना चढण्यावर खर्च केला.

विद्यार्थ्यांच्या थरारपटांबद्दल बोलायचं ते या हिशेबाबद्दल. ब्रिटनमधल्या शाळांत माध्यम-अभ्यासाच्या परीक्षेसाठी मुलं वर्षानुवर्षं दोन मिनिटांची चित्रपट-सुरुवात करून देत असत, आणि त्यात थरारपट हा लाडका प्रकार असे. आपल्याकडे फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमा फिल्मपासून मोबाइलवर केलेल्या शॉर्टफिल्मपर्यंत हीच ओढ दिसते. कारण उघड आहे. थरारपटाला पैसा कमी लागतो, नट कमी लागतात, रात्र फुकट मिळते. पण यातल्या बऱ्याच फिल्म बघताना एक गोष्ट सतत खटकते. चित्रप्रकाराचे संकेत जमा केलेले असतात. हुडी घातलेला इसम, लुकलुकणारा दिवा, सुरी, रक्त धुऊन काढणारे हात, घोंगावणारं पार्श्वसंगीत. उत्कंठा मात्र नसते. संकेत आहेत आणि त्यांना काम दिलेलं नाही, अशी ही अवस्था.

चित्रप्रकारांच्या अभ्यासात याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. रिक ऑल्टमननं १९८४ मध्ये मांडणी केली की कुठल्याही प्रकाराला दोन अंगं असतात. एक त्यातला माल, म्हणजे वस्तू, माणसं, जागा, पोशाख. दुसरं त्या मालाची रचना, म्हणजे कोण कुणाच्या विरुद्ध आहे, कुठली गोष्ट कशाच्या आधी येते, ताण कुठं धरला आणि कुठं सोडला. विद्यार्थी पहिलं अंग पटकन उचलतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही, ते मोजावं लागतं. स्टीव्ह नीलचं म्हणणंही इथं उपयोगी आहे. त्याच्या मते चित्रप्रकार पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर जगतो. नुसती पुनरावृत्ती असेल तर प्रेक्षक पुढं पोचून बसतो, आणि नुसता फरक असेल तर त्याला आपण कुठं आहोत हेच उमगत नाही. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये दुसरा धोका जास्त मोठा, असं माझं मत आहे. नवं करण्याच्या ईर्ष्येनं प्रेक्षकाला चाचपडत ठेवलेल्या फिल्म मी शिळ्या फिल्मपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

हिचकॉकचा टेबलाखालचा बाँब सगळ्यांना माहीत असतो. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात त्यानं तो सांगितला. बाँब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो तिथं आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर तीच निरर्थक गप्पाटप्पांची पंधरा मिनिटं जिवंत होतात. हे वर्गात शिकवलं जातं, वहीत उतरतं, आणि शूटिंगच्या दिवशी विसरलं जातं. तरुण दिग्दर्शकाला वाटतं, आपल्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे गुपित. ते शेवटपर्यंत लपवायचं. मग खुनी कोण, हातात काय, कशासाठी, काहीच न कळता नऊ मिनिटं सावल्या हलत राहतात. जिथं प्रेक्षकाला भीती कशाची बाळगायची हेच माहीत नाही, तिथं तो घाबरणार कशाला?

बाँबच्या गोष्टीपेक्षा मला 'सॅबोटाज' हा हिचकॉकचा १९३६ चा चित्रपट अधिक शिकवणारा वाटतो, कारण त्यात बाँब खरोखर आहे आणि तो एका शाळकरी मुलाच्या हातात आहे. पुडक्यात काय आहे हे मुलाला ठाऊक नाही, आपल्याला आहे, आणि पावणेदोनला स्फोट होणार हेही माहीत आहे. मुलगा निघतो. वाटेत टूथपेस्ट विकणारा त्याला पकडून गर्दीसमोर त्याचे दात घासून दाखवतो. पुढं मिरवणूक, रस्ता बंद. बसमध्ये चढताना कंडक्टर त्याच्याजवळच्या फिल्मच्या डब्यांवरून हटकतो, कारण त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे. मग तो हसून त्याला आत घेतो. मध्ये मध्ये शहरातली घड्याळं येतात. यातला एकही अडथळा कारस्थानी नाही. सगळे रोजचे, थोडे गमतीचे, आणि म्हणूनच असह्य. स्फोट होतो, मुलगा मरतो. हिचकॉक पुढं म्हणत राहिला की ती आपली चूक होती, एवढा ताण दिल्यावर प्रेक्षकाची सुटका करायला हवी होती. या मतावर वाद घालता येईल. पण अडथळे कसे रचायचे याचा इतका स्वच्छ नमुना विद्यार्थ्याला दुसरा सापडणार नाही. बस, गर्दी, उशीर: या गोष्टींना कसलाही खर्च येत नाही.

इथं तत्त्वज्ञ नोएल कॅरोलची मांडणी जोडून बघावी. त्याच्या मते कथा प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभे करते, आणि नैतिकदृष्ट्या योग्य तो शेवट घडण्याची शक्यता कमी दिसू लागली की उत्कंठा निर्माण होते. 'सस्पेन्स' आणि 'सॅबोटाज' या चौकटीत चपखल बसतात. 'सायको' (१९६०) बसत नाही. नॉर्मन बेट्स मॅरियनचं प्रेत डिकीत असलेली गाडी दलदलीत लोटतो, गाडी अर्धी बुडून थांबते आणि आपला श्वास अडकतो. बुडावी असंच आपल्याला वाटतं. म्हणजे योग्य-अयोग्यापेक्षा, आपण कुणाच्या कामात गुंतलो आहोत हे जास्त ठरवतं. हातातलं काम तपशिलानं दाखवलं की प्रेक्षक त्या माणसाच्या बाजूला झुकतो, मग तो माणूस कसाही असो. दहा मिनिटांत नायकाचं बालपण, दुःख, स्वप्नं सांगायला वेळ नसतो, तेव्हा हे फार कामाचं सूत्र आहे.

आपल्याकडे हे सूत्र ओळखलेला दिग्दर्शक म्हणजे श्रीराम राघवन. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली त्याची १९८७ ची डिप्लोमा फिल्म 'द एट कॉलम अफेअर' राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचली. 'जॉनी गद्दार' (२००७) त्यानं विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे. आपण कुणाच्या वाटेनं चाललोय हे त्यानं लपवलेलं नाही. आणि गद्दार कोण हेही तो प्रेक्षकापासून फार वेळ लपवत नाही. त्यातला नायक विक्रम 'परवाना' (१९७१) बघता बघता त्यातली युक्ती उचलतो, म्हणजे पात्रसुद्धा चित्रप्रकाराचे संकेत ओळखून वागतं. 'अंधाधुन' (२०१८) तर एका छोट्या फ्रेंच फिल्मवरून सुचलेला, ओलिव्हिए त्रेनेच्या 'लाकॉर्दर'वरून. त्यातही आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानो दुरुस्त करणारा नको तिथं जाऊन पोचतो. पंधरा मिनिटांच्या आतली ती फिल्म उत्तर न देता संपते. राघवननं तिची मध्यवर्ती परिस्थिती घेतली आणि पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये बसवली. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय, समोर प्रेत आहे, खून करणारे सिमी आणि मनोहर काही न बोलता ते हलवून फरशी पुसताहेत. आकाशला सगळं दिसतंय, हे आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही. बोटं थांबली की मरण. या प्रसंगात संवाद फारसे नाहीत, पाठलाग नाही, अंधार नाही. लखलखीत दिवाणखान्यात केवळ कुणाला काय माहीत आहे याच्या वाटणीवर सगळं तोललेलं आहे.

इन्स्टिट्यूटचा याहून जुना दाखला विधु विनोद चोप्राचा. 'मर्डर ॲट मंकी हिल' (१९७६) ही त्याची विद्यार्थिदशेतली फिल्म थरारपटच होती. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिच्यावरून त्यानं १९८१ मध्ये 'सजा-ए-मौत' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. पुढं 'खामोश' (१९८५) मध्ये त्यानं चित्रपटाच्या युनिटमध्येच खून घडवले. कलात्मक चित्रपटांच्या त्या काळात एका विद्यार्थ्यानं थरारपट हाताळावा आणि तो गंभीरपणे घेतला जावा, याचं महत्त्व कमी नाही. अजूनही कित्येक परीक्षकांना सामाजिक विषय म्हणजे कस आणि थरारपट म्हणजे खेळ वाटतो. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण उत्कंठा टिकवणं ही फिल्मच्या कारागिरीची सर्वांत कठोर परीक्षा आहे. तिथं प्रेक्षक सौजन्य दाखवत नाही.

बाहेरची दोन नावं इथंच घेतो. पोलंडमधल्या वूच इथल्या फिल्म स्कूलमध्ये रोमान पोलान्स्कीनं १९५७ मध्ये 'मॉर्डेर्स्त्वो' हा दोनेक मिनिटांचा अभ्यास केला. दार उघडतं, एक माणूस आत येतो, झोपलेल्याला भोसकतो, निघून जातो. कोण, का, काही नाही. दार उघडल्यापासून हात उचलला जाईपर्यंतचा वेळ एवढीच ती फिल्म. आणि जॉर्ज लुकसनं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना १९६७ मध्ये केलेली 'टीएचएक्स ११३८' ची पंधरा मिनिटांची मूळ आवृत्ती. भविष्यातलं शहर उभं करायला त्याच्याकडे पैसे नव्हते. त्यानं तळघरातले वाहनतळ आणि यंत्रांच्या खोल्या वापरल्या, एक माणूस पळवला आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांची थंड, आकडेमोडी कुजबुज ध्वनिपट्टीवर अखंड चालू ठेवली. चित्रात पळणारा एकटा, कानांत मात्र अख्खी यंत्रणा.

ध्वनीवर जरा थांबायला हवं, कारण विद्यार्थी फिल्म सर्वांत जास्त तिथंच मार खातात. कॅमेरा आता खिशात असतो, आवाज मात्र अजून रेकॉर्ड करावा लागतो. बहुतेकांचा उपाय म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेलं घुमणारं संगीत पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत पसरणं. सतत धोक्याची सूचना दिली की ती सूचना राहत नाही. फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१) या बाबतीत आजही पाठ्यपुस्तक आहे. त्यात पार्श्वसंगीत नाही. खुन्याची ओळख म्हणजे त्याची शीळ, ग्रीगच्या एका रचनेतली. आधी ती पोरीला फुगा घेऊन देताना ऐकू येते, आणि नंतर नुसती शीळ आली तरी माणूस न दिसता तो आल्याचं कळतं. मुलीचा खून लांगनं दाखवलेलाच नाही. आई घरात वाट बघतेय, घड्याळ, मांडून ठेवलेली रिकामी ताटली, ती हाका मारतेय. हाक रिकाम्या जिन्यावरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या माळ्यावरून जाते. मग झुडपातून चेंडू घरंगळत येतो, फुगा तारांत अडकतो. एक जिना, एक ताटली, एक चेंडू आणि एका बाईचा आवाज. यासाठी लागणारं सामान कुठल्याही होस्टेलात मिळेल. लागते ती हिंमत, दृश्य मोकळं सोडण्याची.

जागेचा विचारही असाच. एकच घर हा थरारपटाचा जुना संकेत. राम गोपाल वर्माचा 'कौन?' (१९९९) एक बंगला, पाऊस आणि तीन नट यांवर उभा आहे आणि एकट्या बाईच्या संकेतालाच शेवटी उलटं करतो. पण आपले विद्यार्थी घर निवडताना परदेशी चित्रपटातलं घर मनात ठेवतात: लांबलचक कॉरिडॉर, तळघर, माळ्यावरची खोली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तळघर नसतं. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'नं (२०१७) उसाचं शेत घेतलं, आणि उसात शिरलेल्या माणसाला चार हातांवरचं दिसत नाही हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. वाड्याचा अंधारा जिना, चाळीची सामाईक गॅलरी, शेवटची एसटी गेल्यानंतरचा स्टँड, या जागांना त्यांची त्यांची भीती आहे. शिवाय आपल्या वाचकाला घडवणारे संकेत आहेतच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय, नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांमधलं साधंसुधं मध्यमवर्गीय घर. पडद्यावर 'पाठलाग' (१९६४) इतका पकड घेणारा होता की दोनच वर्षांत हिंदीत 'मेरा साया' झाला. हा वारसा सोडून कुणी तरी डेव्हिड फिंचरच्या 'सेव्हन'ची शीर्षकं पुन्हा करत बसतो तेव्हा वाईट वाटतं.

एकांकिका करून आलेल्या मुलांच्या फिल्ममध्ये वेगळी अडचण येते. तिथं भीती बोलून दाखवली जाते. पात्रं एकमेकांना "इथं काहीतरी गडबड आहे" असं सांगतात आणि कॅमेरा ऐकत बसतो. पण याच मुलांना थांबण्याची जाण असते, प्रेक्षागृहातली शांतता किती ताणायची हे त्यांना अंगवळणी पडलेलं असतं. संवाद निम्मे काढले तर ती सर्वांत चांगले थरारपट करतील असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलनं थरारपट मारला, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तार कापण्याचा १९०९ चा संकेत आज 'नेटवर्क नाही' किंवा 'बॅटरी संपली' म्हणून येतो आणि तो आला की प्रेक्षक हसतो. अनीश चगंटी, तोही दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचाच माजी विद्यार्थी, त्यानं 'सर्चिंग' (२०१८) मध्ये फोन चालू ठेवून दाखवला. अख्खा चित्रपट संगणक आणि फोनच्या पडद्यांवर घडतो. बाप मुलीला मेसेज टाइप करतो, थबकतो, खोडतो, भलतंच काहीतरी पाठवतो. त्या लुकलुकणाऱ्या कर्सरमध्ये तो काय बोलू शकत नाही ते सगळं येतं. संपर्क तुटण्यापेक्षा निळ्या टिका दिसूनही उत्तर न येणं आज अधिक भीतिदायक आहे, आणि विद्यार्थ्यांना हे माझ्या पिढीपेक्षा चांगलं कळतं.

राहता राहिला शेवट. स्वप्न होतं, तोच खुनी होता, ती आधीच मेलेली होती: कलाटणीचे हे तीन साचे स्पर्धांतून इतके फिरतात की फिल्म सुरू होताच ओळखू येतात. कलाटणीला माझा विरोध नाही, पण तिची पेरणी लागते. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मध्ये तिघे फिल्मचे विद्यार्थीच जंगलात हरवतात. आणि तो करणारे डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ एकमेकांना भेटले तेही विद्यापीठातच. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. सुरुवातीला गावातला एक जण सहज सांगून जातो की इथला खुनी एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. चित्रपट संपता संपता कॅमेरा तळघरात उतरतो आणि तिघांपैकी माइक कोपऱ्यात तोंड करून उभा असतो. कुणी काही समजावत नाही. ते एक वाक्य ज्यानं ऐकलं नसेल, त्याच्यासाठी तो नुसता भिंतीकडे तोंड केलेला माणूस आहे.

अशी पेरणी साधली की नाही हे एडिटिंगच्या टेबलावर तपासता येतं. उत्कंठेचा विरोधाभास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नावर कॅरोल आणि इतर बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. शेवट माहीत असूनही आपण दुसऱ्यांदा, पाचव्यांदा तेवढेच का ताणले जातो? उत्तरं वेगवेगळी आहेत, पण अनुभव सगळ्यांचा आहे. तेव्हा रफ कट झाला की तो पहिल्यांदा अशा मित्राला दाखवावा ज्यानं पटकथा वाचली आहे. खुनी कोण हे त्याला ठाऊक आहे, किल्ली कुठं आहे हेही ठाऊक आहे. तो जिन्याच्या शॉटला मोबाइल बघायला लागला, तर तो शॉट पुन्हा कापायला घ्यायचा.